पाखरं आली नाहीत तर बरंच

॥ श्री ॥

हाउन्सलो,
ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुझ्या बापानं घेऊन दिलेलं कानातलं मशीन मी परत डबीत घालून ठेवलंय. ते लावलं की फ्रिज ऐकू येतो, विमानं ऐकू येतात, शेजारणीचं कुत्रं ऐकू येतं, आणि माणूस बोलायला लागला की नुसती खरखर. फोनवर तू बोलतेस नि मी हो हो करते. परवा तू काय विचारलंस आणि मी कशाला हो म्हटलं, देव जाणे. तेव्हा आता फोन बंद. चौथी शिकले आहे, त्यात बसेल तेवढं लिहीन. तूही लिही. वेम्बलीच्या शनिवारच्या मराठी शाळेत दोन बस बदलून तुला नेत होते, ते काय माझी हौस म्हणून?

इथलं सगळं ठीक. डाव्या हातच्या घरात नवे लोक आले, दारात तीन गाड्या, माणसं दिसत नाहीत. तुझ्या खोलीत मी आता कांदे ठेवते. थंड आहे ना ती. खोलीला वास लागेल म्हणशील, तर लागू दे, राहायला कोण आहे? तीन वर्षं कॉलेजसाठी राहिलीस, दोन माणसांची सवय लावलीस आणि गेलीस. एका माणसाचा स्वयंपाक फार अवघड असतो हे कोणी सांगत नाही. मूठभर तांदूळ शिजवला तरी भात उरतो.

जाताना तू म्हणालीस की यंदा थंडीत ती पाखरं खाजणावर आली तर तुझी नोकरी पुढं चालणार, नाही आली तर काम बंद आणि तू परत माझ्याकडे. मी देवाशी खोटं बोलत नाही, तुझ्याशीही बोलणार नाही. पाखरं आली नाहीत तर मला बरंच आहे. तुला वाईट वाटेल हे कळतं मला. पण विचारलंस म्हणून सांगितलं. नसतं विचारलंस तरी सांगितलं असतं.

थर्मल आतून घाल, वरून नव्हे. लोभ आहेच, तो कुठं जातोय.

तुझी,
आजी


खाजणावरची खोली, एसेक्स,
ता. २४ नोव्हेंबर

ती. आजीस कस्तुरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र डोरीनने आणून दिलं. मी ते तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लावायला, दुसऱ्यांदा समजायला, तिसऱ्यांदा असंच.

डोरीन म्हणजे या फार्मची मालकीण. ऐंशीची आहे, एकटीच राहते. तिच्या घराच्या मागे माझी लाकडाची केबिन. मग शेत, मग उंच मातीचा बांध, आणि बांधाच्या पलीकडे खाजण. हा शब्द तूच शिकवलेला. भरतीला सगळं पाणी, ओहोटीला सगळा चिखल. इथे फोनला सिग्नल पण नाही, फोन करायला दुकानापर्यंत जावं लागतं, म्हणजे पत्रच बरं.

तू विचारलं नाहीस, पण मी पाखराबद्दल सांगते. त्याला ट्वाइट म्हणतात. चिमणीएवढा तपकिरी पाखरू. थंडीत चोच पिवळी होते आणि नराच्या शेपटीच्या वर थोडं गुलाबी असतं. उन्हाळ्यात ते उत्तरेला डोंगरात घरटं करतात, थंडीत इथे येऊन खाजणातल्या झाडांचं बी खातात. आधी हजारो यायचे. मागच्या वर्षी या खाजणात नऊ आले. उत्तरेचे लोक त्यांच्या पायात रंगीत कडी घालतात, म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं. यंदा अजून एकही नाही.

खाजणाची ती झाडं कमी झाली, कारण बांधाने समुद्राला जागा ठेवली नाही. म्हणून आमच्या पक्षी-संस्थेच्या लोकांनी सप्टेंबरमध्ये बांधाला एक काप दिला. मशीन आणून. आता भरतीचं पाणी मुद्दाम शेतात येतं आणि काही वर्षांनी तिथे नवीन खाजण होईल. तोपर्यंत मी रोज सकाळी एका मोकळ्या तुकड्यावर बी टाकते. त्याला इथे नायजर म्हणतात. पाकिटात चिमूटभर घातलंय.

गेल्या आठवड्यात मंगळवार ते शुक्रवार मी कोणाशीच बोलले नाही. शुक्रवारी दुकानात थँक यू म्हटलं तर माझा आवाज घोगरा आला. बाईने विचारलं, सर्दी झाली का. मी हो म्हटलं. तुझ्यासारखं.

तू खरं सांगितलंस ते आवडलं. मी पण खरं सांगते, मला ते यायला हवेत.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
कस्तुरी


॥ श्री ॥

हाउन्सलो,
ता. १० डिसेंबर

चि. कस्तुरीस आशीर्वाद विशेष.

पत्र पोचलं. तुझं मराठी म्हणजे खडे राहिलेला भात. पण भात आहे, पोट भरलं.

आता बांधाचं. ते वाचून मी चहा तसाच ठेवला. तुझ्या लोकांनी चांगला बांध मशीन लावून फोडला आणि तू ते मला कौतुकानं लिहितेस? माझं माहेर खारेपाटातलं, अलिबागच्या अलीकडे. अर्धा गाव समुद्राच्या पाण्याखाली असता, बापजाद्यांनी बांध घातले म्हणून भात पिकला. बांधाला पडलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली अशी हाक आली की घरटी एक माणूस निघायचं, हातातलं टाकून. कोणाचा बांध, कोणाचं शेत, भांडण आहे का, बोलणं आहे का, काही विचारायचं नाही. जो आला नाही त्याच्या घरी वर्षभर कोणी पाणी पीत नसे. माझ्या मामाच्या लग्नात खांड पडली, तर नवरदेव मुंडावळ्यांसकट चिखल वाहत होता. मामी आयुष्यभर सांगायची की तिनं नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते चिखलातच, म्हणून नंतर कसलं नवल वाटलं नाही. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन-तीन वर्षं भात होत नाही. आणि तुम्ही ते चिमणीसाठी आत घेताय. मोठे लोक, मोठं डोकं.

बी चावून पाहिलं. कारळे आहेत ते. पाखरं कारळे खातात म्हणजे त्यांना चव कळते एवढं मान्य. वेम्बलीच्या दुकानातून आणून लसूण घालून चटणी केली, बाटली पाठवतेय. पाखरांना देऊ नकोस, तिखट आहे.

परवा चंपाषष्ठी झाली. वांग्याचं भरीत केलं, ते तीन दिवस खातेय. देवळातल्या बायका नातवंडांचं विचारतात. मी सांगते नात एसेक्सला पाखरांची वाट बघते. त्या मान हलवतात. एकीला वाटलं तुला काहीतरी झालंय.

चार दिवस न बोलता राहिलीस ते बरं नव्हे. भिंतीशी बोल. मी बोलते. भिंत उलट उत्तर देत नाही, तुझ्या आजोबांपेक्षा तेवढी बरी.

पत्राची वाट बघायला लावू नकोस, दुसरं काम नाही मला.

तुझी,
आजी


लीड्स,
ता. २७ जानेवारी २०२५

ती. आजीस कस्तुरीचा सा. न. वि. वि.

पत्ता बघून घाबरू नको. मी बाबांकडे आहे. गेल्या सोमवारी ओहोटीला चिखलातून येताना पाय अडकला आणि घोटा मोडला. डोरीनने लांबून पाहिलं आणि ट्रॅक्टर घेऊन आली. एवढी म्हातारी, तोंडात सिगरेट. प्लास्टर घातलंय, बाबा इथे घेऊन आले. मार्चच्या दोन तारखेपर्यंत पाय टेकायचा नाही.

ट्वाइट आले नाहीत. एकही नाही.

ऑफिसची मीटिंग अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे, शुक्रवारी. तोपर्यंत रोज दाणे टाकूनही या खाजणात ट्वाइट दिसले नाहीत तर इथलं काम बंद, आणि ते बी दुसऱ्या काउंटीत जाणार. नुसतं कोणी पाहिलं म्हणून चालत नाही, कारण दुसरी तपकिरी पाखरं पण असतात. निदान एकाच्या पायातल्या कड्यांचे रंग सांगावे लागतात. सध्या डोरीन दाणे टाकते, पण तिचा गुडघा वाईट आहे, दोन दिवस टाकते, एक दिवस नाही. मी तिला काय म्हणणार?

बाबा म्हणतात की नऊ पाखरांसाठी पाय मोडून घेणारी मुलगी त्यांनी दुसरी पाहिली नाही. रात्रीची ड्यूटी करून येतात, माझ्याजवळ बसतात आणि बसल्या बसल्या झोपतात. दिवसभर घरात मी आणि बॉयलर.

तू काही करू नको, हे मी फक्त सांगायचं म्हणून लिहिलं. मार्चमध्ये मी घरी येते. कांदे काढून ठेव.

तुझी,
कस्तुरी


॥ श्री ॥

खाजणावरची तुझी खोली,
ता. ५ फेब्रुवारी

चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

पत्ता बघून तूही घाबरू नकोस. मी इथं आले आहे. तुझा बाप मला सोडायला तयार नव्हता. लीड्सहून हाउन्सलोला आला, स्वयंपाकघरात उभा राहून पाऊण तास बोलला. अठ्ठ्याहत्तर वय, ब्लडप्रेशर, लोक काय म्हणतील, सगळं म्हणाला असणार. मी मशीन काढून ठेवलं होतं. मशीन नसलं की मुलाचं रागावणं शांतपणे बघता येतं. त्याचे कान अगदी आजोबांसारखे लाल होतात. शेवटी त्यानंच गाडी काढली.

पाखरांसाठी आले असं मनात आणू नकोस. पाखरं न आलेली मला हवीच आहेत. पण दाणे टाकायचे ठरलेत तर रोज टाकले पाहिजेत. नाहीतर उद्या तू म्हणशील की दाणे टाकले असते तर आली असती, आणि जन्मभर माझ्या घरात तोंड पाडून बसशील. तोंड पाडलेली नात मला नको. रीतसर दाणे टाकून, रीतसर न आलेली पाखरं हवीत. मग तू रीतसर घरी ये.

डोरीनशी जमलं. तीही बहिरी, त्यामुळे दोघी ओरडून बोलतो आणि कोणाला राग येत नाही. विमानतळाच्या किचनमध्ये तेवीस वर्षं ट्रे भरले, तेव्हाचं इंग्रजी तिला पुरतं. तिच्या दारात पुरुषाचे मोठे बूट आहेत. नवरा जाऊन आठ वर्षं झाली म्हणाली. मग देऊन का टाकत नाही असं मी विचारलं. तर म्हणाली की दारावर विकायला येणारे ते बघून परत जातात. मेल्यावर नवरा कामाला आलेला पहिल्यांदा पाहिला. तुझी चटणी तिनं ब्रेडला लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी मागितली.

सकाळी उजाडलं की दाणे टाकते. मग तुझ्या त्या फळ्यांच्या आडोशात बसते, दुर्बिणीला डोळा लावून. कावळे येतात, बदकं येतात. खोलीच्या भिंतीवर तू लावलेलं ट्वाइटचं चित्र रोज बघते, म्हणजे भलत्यालाच ट्वाइट म्हणायला नको.

इथं फार रिकामं आहे गं. हाउन्सलोत मी एकटी असते खरी, पण डोक्यावरून दर दोन मिनिटांनी तीनशे माणसं जातात. इथं आभाळाला माणूसच नाही. तू नोव्हेंबरपासून कशी राहिलीस इथं? पत्रात लिहिलं होतंस, पण मी ते वाचून भिंतीवर विनोद केला.

प्लास्टरमध्ये पेन्सिल घालून खाजवू नकोस. लोभ वाढव, पाय हलवू नकोस.

तुझी,
आजी


॥ श्री ॥

खाजण,
ता. १५ फेब्रुवारी

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसातून तुला कळलंच असेल, पण त्यांचं ऐकण्याआधी माझं ऐक.

बुधवारी माघी पौर्णिमा झाली. गुरुवारी दुपारी उधाणाची भरती. कारळ्यांची दोन पोती बांधाच्या टोकाला असलेल्या डोरीनच्या शेडमध्ये भिजतात म्हणून मी ढकलगाडीत घालून बांधावरून तुझ्या खोलीकडे आणत होते. त्या कापाशी आले आणि बघते तर समुद्र आत. धो धो पाणी, बांधाची माती तुटून पडतेय, शेत भरतंय. आता तू म्हणशील की मी तुला लिहिलं होतं. लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, त्यावरून तुला शिव्याही घातल्या होत्या. पण पाणी समोर आल्यावर कागद कोणाला आठवतो? सत्तर वर्षांपूर्वीची हाक कानात आली. बहिऱ्या कानात. मी ढकलगाडी उलटी केली आणि दोन्ही पोती खांडीत लोटली. मग हातानं चिखल. साडी, स्वेटर, तुझा तो निळा कोट, सगळं चिखल.

डोरीन खिडकीतून बघत होती. मला वाटलं ओरडायला येतेय. ती फावडं घेऊन आली. पोत्यांवर चिखल थापायला लागली. दोघींनी मिळून, एकीचा गुडघा आणि एकीचं ब्लडप्रेशर, तासभर थापलं. आणि पाणी थांबलं. ओसरायलाही लागलं. आम्ही बांधावर बसून एकमेकींकडे बघितलं, वाटलं आपण जिंकलो. ओहोटी लागली होती, एवढंच. पुढच्या भरतीला समुद्रानं आमचा चिखल पावाच्या तुकड्यासारखा उचलून नेला.

मग तिच्या घरी चहा. ती नऊ वर्षांची असताना याच बांधाला मोठी खांड पडली होती. जानेवारी संपत होता. घरावर चढून बसले सगळे. धाकटा भाऊ त्यात गेला. हे तिनं चहा ओतता ओतता सांगितलं, साखर किती विचारतात तसं. या कापाला सही तिनंच दिली, ऑफिसच्या लोकांनी समजावलं ते तिला पटलंही. पण पटलेलं डोक्यात असतं, फावडं हातात.

ऑफिसचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्यानं डोरीनला विचारलं की हे कोणी केलं. ती म्हणाली, समुद्रानं.

पोती चिखलातून ओढून काढली. एक फुटलं, निम्मं गेलं. उरलेलं खाऱ्या पाण्यानं भिजलेलं. नवं बी आता मीटिंग झाल्याशिवाय देणार नाहीत असं तो माणूस म्हणाला. इथं मी थांबले असते तर चाललं असतं, दाणेच नाहीत तर टाकणार काय? पण ते माझ्या हातून झालेलं. म्हणून गोड्या पाण्यात चार वेळा धुऊन डोरीनच्या दिवाणखान्यात चादरी अंथरल्या, हीटर लावले आणि कारळ्यांचं वाळवण घातलं. सोफा भिंतीला. दोघी गुडघ्यांवर बसून दर तासाला हात फिरवतो. तिचं मांजर त्यावर झोपतं. ती म्हणते की एवढी माणसं या खोलीत नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर आली नव्हती. दोनच होतो आम्ही.

वाळलं तेवढं आज सकाळपासून परत टाकतेय. तुला राग आला असेल तर लिही, गिळू नकोस.

तुझी,
आजी


लीड्स,
ता. १९ फेब्रुवारी

ती. आजीस कस्तुरीचा सा. न. वि. वि.

राग आला. खूप आला. तो काप करायला आमचे लोक सहा वर्षं परवानगी मागत होते, आणि माझ्या स्वतःच्या आजीने तो बंद केला. ऑफिसने मला फोन केला तेव्हा मी काय सांगणार होते? मी सांगितलं की आमच्याकडे अशी पद्धत आहे. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, घरी.

मग बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते हसायला लागले. म्हणाले, ते लहान असताना हाउन्सलोमध्ये समोर एकाकडे पाइप फुटला होता, तर तू रस्ता ओलांडून अनोळखी माणसाच्या घरात पोळपाट घेऊन गेली होतीस. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

बी खारं झालं तर हरकत नाही, ते खाऱ्या झाडांचंच खातात.

आजी, मी आता आशा सोडली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी कोणी नवीन येत नाही, येणारे आधीच येतात. उत्तरेला मागच्या उन्हाळ्यात फार थोडी घरटी झाली होती. मला वाटतं हे खाजण त्यांना आता आठवतच नाही, कारण आठवण असलेले म्हातारे पक्षी मेले. रस्ता माहीत असलेलं कोणी उरलं नाही की बाकीचे येत नाहीत. हे वाक्य मी इंग्लिशमध्ये रिपोर्टला लिहिलं तेव्हा काही वाटलं नाही, मराठीत लिहिताना वाटलं.

दोन मार्चला रविवारी प्लास्टर निघून मी तिथे येते, सामान आवरते, आणि आपण दोघी हाउन्सलोला जाऊ. तिथे काहीतरी नोकरी बघेन. विमानतळावर खूप असतात. तुला बरं वाटेल हे मला ठाऊक आहे. खरंच, मला त्याचं वाईट वाटत नाही. कोणाला तरी बरं वाटलं पाहिजे.

भेटीपर्यंत आशीर्वाद असू दे.

कस्तुरी


॥ श्री ॥

खाजण,
ता. २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

आज उपास आहे, दोन बटाटे उकडून खाल्ले आणि लिहायला बसले. डोरीन नॉर्विचला मुलीकडे गेली आहे, शनिवारी येईल. तिचं घर बंद. माझ्या फोनला इथं काही लागत नाही. ऑफिसचा माणूस त्या दिवसानंतर फिरकला नाही. म्हणजे चार दिवस इथं मी आणि मांजर.

आज सकाळी पाणी गोठलं होतं. दाणे टाकायला जाऊ नये असं आलं मनात. वाळवणातले शेवटचे दोन डबे राहिले होते. तू आशा सोडली, मी कशाला बोटं गोठवून घेऊ? तरी गेले. टाकले. आडोशात येऊन बसले.

ती आली.

सात होती. आधी बांधाच्या तारेवर बसली, मग एकदम सगळी खाली, कोणी मूठ उघडल्यासारखी. चोची पिवळ्या. एक उडालं तेव्हा शेपटीच्या वर गुलाबी दिसलं. भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहायला मी खोलीपर्यंत जाऊन आले, तोवर खातच होती. सहांच्या पायात काही नाही. सातव्याच्या उजव्या पायात खाली पिवळं कडं. डाव्या पायात दोन, वरचं पांढरं, खालचं निळं. दुर्बीण हलत होती म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं. ते कडंवालं सारखं पुढं, बाकीची त्याच्या मागं. तू लिहिलंस ना की रस्ता माहीत असलेलं कोणी उरलं नाही. एक उरलंय.

गातात म्हणे. खाता खाता चोची उघडत होत्या खऱ्या. मशीन हाउन्सलोला डबीत आहे. असतं तरी खरखरच ऐकू आली असती.

खाऊन झाल्यावर गेली. मी तिथंच बसून राहिले. पाय बधिर झाले तेव्हा उठले.

आता मनातलं सांगते. बघणारी मी एकटी. मी बोलले नसते तर ही गोष्ट मांजराला माहीत. तू रविवारी आली असतीस, सामान बांधलं असतंस, आपण दोघी घरी गेलो असतो. तू सकाळी विमानतळावर, संध्याकाळी घरी. मी दोन माणसांचा भात लावला असता. काही वाईट झालं नसतं. पाखरं काय, ती दाणे संपले म्हणून दुसरीकडे गेली असती किंवा मेली असती, मला विचारायला आली नसती.

बोलायचं ठरवल्यावरही मन सरळ चालेना. तुझ्या टेबलाच्या खणात टपालाची दोन तिकिटं सापडली, एक फर्स्ट क्लासचं, एक सेकंडचं. आज बुधवार. सेकंडचं लावलं तर पत्र शनिवारी पोचणार, आणि मीटिंग शुक्रवारी. पत्र मी लिहिलेलं, कड्यांचे रंगही लिहिलेले, खोटं बोलल्याचं पाप नाही, आणि दोष टपालाचा. दोन्ही तिकिटं समोर ठेवून मी बराच वेळ बसले होते. डोरीनचं मांजर येऊन एकावर बसलं, ते कुठलं ते सांगत नाही.

फर्स्ट क्लासचं लावलंय. गल्लीच्या टोकाच्या लाल पेटीत दुपारी चारच्या आधी टाकते, ओहोटी आहे, रस्ता कोरडा असेल. उद्या तुला मिळेल. लगेच फोन कर त्यांना, आणि रंग नीट सांग: उजवीकडे पिवळं, डावीकडे पांढऱ्याखाली निळं.

रविवारी तू आलीस की मी निघते. थांब म्हणू नकोस, मी थांबणार नाही. मला माझी चूल, माझं देऊळ आणि माझी विमानं लागतात, आणि या खोलीत दोन माणसं राहिली की एक आजारी पडतं. दाण्यांचा एक डबा उरलाय, तो उद्या-परवा पुरवते. नवं बी मागव, आणि ते शेडमध्ये ठेवू नकोस, भिजतं.

पत्र लिहीत जा, चार ओळी का होईना. माझ्याकडून आशीर्वाद आहेत, तुझ्याकडून लोभ असू दे.

तुझी,
आजी